पायलट व्हायचंय? आधी विचारा, कुठलं विमान?

दिवाळीच्या सुट्टीत मी साखऱ्याला होते. सोयाबीन निघालं होतं, हळद वावरात उभी होती, आणि शेजारचे काका हातात एक घडी घातलेला कागद घेऊन आमच्या ओसरीवर आले. चकचकीत कागद. वर विमान, खाली टाय लावलेला हसरा पोरगा, आणि मोठ्या अक्षरांत, 'देशाला ३० हजार पायलट हवेत!' काकांचा मुलगा बारावी सायन्सला आहे. फिजिक्स आणि मॅथ्स पक्कं. कुठल्याशा शहरात एक सेमिनार झाला, तिथून तो हा कागद घेऊन आला आणि तेव्हापासून घरात दुसरा विषय नाही. काकांचा प्रश्न सरळ होता. "तू पेपरात आहेस ना पोरी? मग एवढंच सांग, दोन एकर वावर विकू का नको?"

आता मी पडले मास कम्युनिकेशनची विद्यार्थिनी, काही महिन्यांपासून या पेपरात इंटर्न. विमानात एकदाही बसलेली नाही. पण दोन एकरांचा प्रश्न कुणी विचारला की 'बघून सांगते' म्हणून विसरून जाता येत नाही. म्हणून बघत बसले. आणि जे कळलं ते काकांना सांगितलंच, पण तुम्हालाही सांगावंसं वाटतं. कारण तो कागद फक्त साखऱ्यात आलेला नाही. तुमच्याही मोबाइलवर आला असेल.

पहिली गोष्ट. ३० हजारांचा आकडा खोटा नाही. केंद्रीय नागरी विमान वाहतूक मंत्री के. राममोहन नायडू यांनी २०२५ मध्ये हे जाहीरपणे सांगितलं होतं. देशातल्या विमान कंपन्यांनी १,७०० च्या वर विमानांची ऑर्डर देऊन ठेवली आहे, आज सहा-सात हजार पायलट आहेत आणि पुढे ३० हजार लागतील, असा तो हिशोब. एअर इंडियाने फेब्रुवारी २०२३ मध्ये एकदम ४७० विमानं मागवली, त्याच वर्षी जूनमध्ये इंडिगोने ५००. जगात गाजलेल्या ऑर्डरी आहेत या.

फक्त मंत्र्यांच्या वाक्यात आणखी एक तुकडा होता. हे ३० हजार पायलट लागणार आहेत पुढच्या १५ ते २० वर्षांत. कागदावर तो तुकडा छापायला जागा उरली नसावी.

बरं, वर्षांचं सोडा. मला जास्त खटकलं ते वेगळंच. विमानं किती येणार हे सगळे सांगतात. कुठली येणार, आणि नवख्या पोराला त्यातल्या कुठल्या विमानात बसवणार, हे कुणीच सांगत नाही. आणि पायलटची नोकरी सगळी त्याच्यावर उभी आहे.

गावातलं उदाहरण घेऊ. आमच्याकडे ट्रॅक्टर चालवता येणारं पोरगं घरटी एक सापडेल. त्याला लायसन्स आहे म्हणून उद्या एसटीवर घेतील का? नाही. विमानात हे त्याहून कडक आहे. फ्लाइंग स्कूलमध्ये किमान २०० तास उडवलं, डीजीसीएचे पेपर दिले, मेडिकल पास झालं, की कमर्शियल पायलट लायसन्स मिळतं. लोक याला सीपीएल म्हणतात. पण नुसत्या सीपीएलवर प्रवासी विमानात को-पायलट म्हणून बसता येत नाही. ज्या जातीचं विमान, त्या जातीचं वेगळं प्रशिक्षण घ्यावं लागतं, सिम्युलेटरवर. त्याला म्हणतात टाइप रेटिंग. एअरबस ए-३२० चं रेटिंग असलेला पायलट उठून एटीआर उडवू शकत नाही. एटीआरवाला बोइंग ७३७ उडवू शकत नाही. सीपीएलचाच खर्च आज पन्नास लाखांच्या वर जातो, आणि टाइप रेटिंगचे दहा-वीस लाख वेगळे. म्हणजे शेवटचे पंधरा-वीस लाख तुम्ही विमान उडवायला शिकण्यासाठी भरत नाही. एका विशिष्ट मशीनसाठी भरता. ते मशीन ज्या कंपनीकडे आहे ती कंपनी टिकली, आणि तिने ते मशीन बदललं नाही, तर ठीक.

आणि इथेच आपल्या नांदेडची गोष्ट येते.

साखऱ्याहून विमानतळ म्हटलं की नांदेड. २००८ च्या गुरु-ता-गद्दी सोहळ्याच्या वेळी त्या विमानतळाचं रूप पालटलं, हे मोठ्या माणसांना आठवत असेल. पण आमच्या पिढीला आठवतो तो २७ एप्रिल २०१७ चा दिवस. पंतप्रधानांनी सिमल्याहून 'उडान' योजनेची पहिली विमानसेवा सुरू केली, आणि त्याच दिवशी नांदेड-हैदराबाद आणि कडप्पा-हैदराबाद या सेवांनाही हिरवा झेंडा दाखवला. मी तेव्हा शाळेत होते. देशात उडानची सुरुवात ज्या दोन-तीन मार्गांनी झाली त्यात आपलं नांदेड होतं, याचं केवढं कौतुक झालं होतं! तासाभराच्या प्रवासाला अर्ध्या सीटसाठी अडीच हजार रुपये भाडं, आणि कंपनीला जो तोटा होईल त्याची भरपाई सरकार तीन वर्षं देणार.

ते विमान उडवायची ट्रूजेट नावाची हैदराबादची कंपनी. विमान होतं एटीआर ७२. सत्तरेक सीटचं, पंख्याचं. जेटपेक्षा हळू, पण डिझेलच्या गाडीसारखं काटकसरी, आणि लहान धावपट्टीवरही उतरणारं. ट्रूजेट नांदेडहून मुंबईलाही जायची. पुढे ती जळगाव, कोल्हापूर, नाशिकलाही आली.

प्रवाशाला हे विमान म्हणजे मुंबईचा एक रात्रीचा रेल्वे प्रवास वाचला, एवढंच. पण नव्या पायलटसाठी अशी विमानं म्हणजे पहिली पायरी असते. मोठ्या कंपनीत, मोठ्या जेटवर, २०० तासांच्या पोराला सहजासहजी बसवत नाहीत. एटीआरवर आणि तशा लहान विमानांवर मात्र नवखे घेतात, कारण तिथले अनुभवी लोक सतत मोठ्या विमानांकडे निघून जात असतात. शिवाय ही विमानं दिवसात चार-सहा फेऱ्या मारतात. उतरणं, चढणं, पावसाळ्यातले ढग, लहान विमानतळ. हात तिथे बसतो. पंधराशे तास झाले, पुढची परीक्षा दिली, की कॅप्टन होण्याचा रस्ता उघडतो. आपल्या भाषेत सांगायचं तर मोठ्या शहरातली नोकरी मिळवण्याआधी तालुक्याच्या ठिकाणी दोन-चार वर्षं काढणं.

फेब्रुवारी २०२२ मध्ये ट्रूजेटची उड्डाणं थांबली. पैसे संपले होते. आपल्या पेपरांत बातमी आली ती 'नांदेडची विमानसेवा बंद' अशी, आणि ते बरोबरच होतं. पण त्या एटीआरच्या उजव्या सीटवर बसलेल्या पोरांचं काय झालं, ही बातमी कुठे वाचल्याचं मला आठवत नाही. देशात एटीआर उडवणाऱ्या कंपन्या किती? इंडिगो, अलायन्स एअर, आणि २०२४ पासून गोव्याची फ्लाय९१. बास. त्यांनी दार उघडलं तर ठीक, नाहीतर दुसऱ्या विमानाचं रेटिंग करा, पुन्हा पैसे भरा.

मग ३१ मार्च २०२४ ला नांदेडला विमान परत आलं. स्टार एअरचं. कोल्हापूरकडच्या संजय घोडावत समूहाची ही कंपनी. बेंगळुरू, नांदेड, दिल्लीजवळचं हिंडन आणि पंजाबातलं आदमपूर असा मार्ग. नांदेड साहिबला येणाऱ्या शीख भाविकांची मोठी सोय झाली. गावात सगळे म्हणाले, चला, विमान सुरू झालं पुन्हा.

पायलटच्या नजरेनं बघा. स्टार एअर एटीआर उडवत नाही. ती उडवते ब्राझीलची एम्ब्रेअर विमानं, आणि तीही जेट. २०१९ मध्ये कंपनी सुरू झाली तेव्हा ५० सीटचं ईआरजे-१४५ होतं. २०२३ पासून ७६ सीटचं ई-१७५ आलं, पुढे १२ सीट बिझनेस क्लासच्या. दोन्हींवर नाव एम्ब्रेअरच, पण रेटिंग वेगळं. म्हणजे एकाच कंपनीत, एकाच रंगाच्या दोन विमानांसाठी पायलटला पुन्हा सिम्युलेटरवर बसावं लागतं. नांदेडच्या धावपट्टीवर विमान तेच, म्हणजे प्रवासी घेऊन जाणारं. पण ट्रूजेटच्या काळात एटीआर शिकलेल्या पोरासाठी हे जणू भलत्याच बोर्डाचं पुस्तक.

मी स्टार एअरला नावं ठेवत नाहीये, हे नीट लक्षात घ्या. कंपनीच्या जागी बसून पाहिलं तर ७६ सीटचं विमान घेणं शहाणपणाचंच आहे. ५० सीटच्या जेटमध्ये उडवायचा खर्च कमी तिकिटांवर वाटावा लागतो. जगभरातल्या प्रादेशिक कंपन्या याच कारणाने ५० सीटच्या जेटांपासून दूर जात आहेत. कंपनी वाढली तर नोकऱ्याही वाढतील. फक्त विमान बदलताना कंपनी आधी बघते ती आपल्याकडच्या जुन्या पायलटांकडे आणि बाहेरच्या अनुभवी लोकांकडे. नवीन मशीन, वर नवीन पोरगा, असा दुहेरी धोका कोण घेईल? बदलाची एक-दोन वर्षं नवख्यांसाठी दार अर्धवटच उघडं असतं.

जळगावची गोष्ट तर आणखी छोटी. डिसेंबर २०१७ मध्ये एअर डेक्कनने जळगाव आणि नाशिक मुंबईला जोडलं. विमान होतं बीचक्राफ्ट १९००डी, वीसच्या आत सीट. थोडे दिवस उडालं, बंद पडलं, पुन्हा उडालं, आणि २०२० मध्ये कोरोनाच्या सुरुवातीला कंपनीच गुंडाळली गेली. आता सांगा, बीचक्राफ्टच्या अनुभवाची भारतात दुसरी कुठली विमान कंपनी वाट बघत होती? स्पाइसजेटची क्यू-४०० विमानं आठवत असतील. तीही पंख्याची, ७८ सीटची. एकेकाळी लहान शहरांत सगळीकडे दिसायची. कंपनी अडचणीत आली, विमानं उभी राहिली, आणि त्या जातीचं विमान नियमित सेवेत चालवणारी दुसरी भारतीय कंपनीच नाही.

हे काही एक-दोन कंपन्यांचं नशीब नाही. कॅगने २०२३ मध्ये उडान योजनेचा हिशोब मांडला होता. पहिल्या तीन फेऱ्यांत ७७४ मार्ग वाटले गेले. त्यातले ४०३ सुरूच झाले नाहीत. जे ३७१ सुरू झाले, त्यातल्या फक्त ११२ मार्गांनी तीन वर्षांची मुदत पूर्ण केली. आणि मुदत संपल्यावर, म्हणजे सरकारी भरपाई थांबल्यावर, मार्च २०२३ पर्यंत टिकले ५४. सातशे चौऱ्याहत्तरातले चोपन्न! हे वाचून मी पेन खाली ठेवलं होतं. आपण याला 'विमानसेवा बंद' म्हणतो. पण एका विमानाला साधारण दहा-बारा पायलट लागतात, कारण सुट्ट्या, विश्रांती, प्रशिक्षण सगळं धरावं लागतं. मार्ग गेले की विमान जातं, आणि विमान गेलं की दहा-बारा खुर्च्या जातात. त्यातल्या निम्म्या उजवीकडच्या. म्हणजे तुमच्या-माझ्या वयाच्या पोरांच्या.

आता तुम्ही म्हणाल, अगं पण डिसेंबरमध्येच तर इंडिगोची शेकड्यांनी विमानं रद्द झाली, लोक विमानतळावर झोपले, आणि कारण सांगितलं पायलट कमी पडले! मग पायलट हवेत हे खरंच आहे की.

अगदी बरोबर. डिसेंबर २०२५ च्या त्या गोंधळात हाच प्रश्न मलाही पडला. झालं असं, की पायलटांच्या विश्रांतीचे नवे नियम लागू झाले. आठवड्याची सलग विश्रांती ३६ तासांवरून ४८ तासांवर गेली, रात्री किती वेळा विमान उतरवायचं यावर मर्यादा आली. नियम चांगलेच आहेत. थकलेला पायलट कुणाला हवाय? पण कंपनीची तयारी कमी पडली. त्या वेळी जे आकडे बाहेर आले ते मी वहीत उतरवून ठेवले आहेत. इंडिगोला एअरबस विमानांसाठी कॅप्टन हवे होते २,४२२, आणि होते २,३५७. को-पायलट हवे होते २,१५३, आणि होते २,१९४.

पुन्हा वाचा. कॅप्टन ६५ ने कमी. को-पायलट ४१ ने जास्त.

देशातली सगळ्यात मोठी कंपनी, हजारो प्रवासी अडकलेले, पायलटांवाचून विमानं जमिनीवर. आणि त्याही दिवशी नवख्या पोराची जी सीट असते, तिथे माणसं गरजेपेक्षा जास्तच होती. तुटवडा आहे तो डावीकडच्या सीटचा, कॅप्टनचा. आणि कॅप्टन फ्लाइंग स्कूलमध्ये तयार होत नाही. तो विमानात, उजवीकडे बसून, काही वर्षांनी तयार होतो. उजवीकडची सीट देणाऱ्या लहान कंपन्या बंद पडत राहिल्या तर कॅप्टनही कमीच पडणार. म्हणजे पायऱ्या तोडायच्या आणि वर माणसं का पोहोचत नाहीत म्हणून रडायचं.

आणखी एक. मोठी कंपनी बुडाली की बाजारात एकदम अनुभवी पायलट येतात. एप्रिल २०१९ मध्ये जेट एअरवेज बंद पडली. मे २०२३ मध्ये गो फर्स्ट थांबली. हजार-दोन हजार तासांचे लोक रस्त्यावर आले. त्यांच्या संसाराचे हाल झाले, त्यांनी दुसरीकडे अर्ज केले, यात त्यांची काही चूक नाही. पण त्या रांगेत २०० तासांचं पोरगं कितव्या नंबरवर उभं राहणार? गंमत बघा, ज्या २०२३ मध्ये गो फर्स्ट बुडाली त्याच वर्षी डीजीसीएने १,६२२ कमर्शियल लायसन्सं दिली. आदल्या वर्षीपेक्षा साडेचारशेच्या वर जास्त. त्यात १८ टक्के मुली होत्या, ही त्यातली चांगली बातमी. जगाच्या तुलनेत भारत यात फार पुढे आहे, आणि मुलगी म्हणून मला त्याचं बरं वाटतं. पण लायसन्स हातात घेऊन घरी बसणाऱ्यांत मुलीही आहेत.

लायसन्स घेऊन घरी बसणं स्वस्त नसतं, हेही लोकांना माहीत नसतं. ड्रायव्हिंग लायसन्ससारखं ते पाकिटात पडून राहत नाही. अधूनमधून विमान उडवावं लागतं, तपासण्या द्याव्या लागतात, मेडिकल पुन्हा करावं लागतं. सगळ्याला पैसे. माझ्या कॉलेजातल्या एका सीनियरच्या भावाचं असं झालंय. सीपीएल झालं, दोन वर्षं जागा नाही. शेवटी घरच्यांनी अजून कर्ज काढून ए-३२० चं रेटिंग केलं, नोकरी हातात नसताना. आता लायसन्स आणि रेटिंग दोन्ही आहे, आणि तो पुण्यात एका ऑफिसात काम करतो. त्याची कहाणी ऐकल्यावर मला काकांचे दोन एकर डोळ्यांसमोर आले.

अमेरिकेत हे चक्र आपल्याआधी फिरून गेलंय. २००९ मध्ये बफेलो शहराजवळ एका प्रादेशिक कंपनीचं क्यू-४०० विमान कोसळलं, त्यानंतर तिथे को-पायलटसाठीही साधारण १,५०० तासांची अट आली. कोरोनानंतर मोठ्या कंपन्यांनी प्रादेशिक कंपन्यांचे कॅप्टन ओढून घेतले, तेव्हा कॅप्टन नाही म्हणून ५० सीटची विमानं उभी राहिली. पण तिथे एक गोष्ट झाली जी आपल्याकडे होत नाही. प्रादेशिक कंपन्यांना पगार वाढवावे लागले, बोनस द्यावे लागले, आणि टाइप रेटिंगचा खर्च कंपनीच करते.

आपल्याकडे उलटं आहे. टाइप रेटिंगचा खर्च बहुतेक वेळा पोराच्या बापाच्या खिशातून. मोठ्या कंपन्यांचे कॅडेट प्रोग्राम आहेत, त्यात शिकवण्यापासून रेटिंगपर्यंत सगळं एकत्र असतं, पण खर्च कोटीच्या घरात. नोकरी लागली की सोडताना को-पायलटला सहा महिन्यांची आणि कॅप्टनला वर्षाची नोटीस, असा डीजीसीएचा २०१७ चा नियम. म्हणजे माणसाने कंपनीला वर्षभर आधी सांगायचं. कंपनीने मात्र विमान बदलायचं ठरवलं, किंवा दुकान बंद करायचं ठरवलं, तर नवख्या पायलटला किती आधी सांगायचं? असा नियम मला सापडला नाही.

माझं म्हणणं इथेच आहे. उडान योजनेत सरकार कंपन्यांना आपला पैसा देतं. भरपाई मिळते, विमानतळांवरचे आकार माफ होतात, इंधनावरचा कर कमी होतो. त्या बदल्यात सरकार अर्ध्या सीटचं भाडं ठरवून देतं. मग त्याच करारात उजवीकडच्या सीटचा विचार का नको? भरपाई घेणाऱ्या कंपनीने दर विमानामागे दोन-तीन नवखे पायलट घ्यावेत, टाइप रेटिंगचा खर्च कंपनीने करावा, हवं तर तीन वर्षांचा बॉन्ड लिहून घ्यावा. कंपनीने विमानाची जात बदलली तर नव्या रेटिंगचा खर्च तिचाच. यात कंपनीवर अन्याय आहे असं मला वाटत नाही. नांदेडला विमान येतं ते आपल्या करातून येतं, मग त्या विमानात नांदेड-हिंगोलीचं एखादं पोरगं बसावं, एवढी अपेक्षा फार नाही.

दुसरं, लायसन्सं किती दिली हे डीजीसीए सांगतं. त्यातल्या किती जणांना वर्षभरात नोकरी लागली, कुठल्या विमानावर लागली, हेही छापा. इंजिनीअरिंग कॉलेजला प्लेसमेंट विचारतो आपण. इथे खर्च दहापट आणि प्रश्न एकही नाही.

शिकवायची सोय महाराष्ट्रात नाही असं मुळीच नाही. गोंदियाजवळ बिरसीला राष्ट्रीय उड्डाण प्रशिक्षण संस्था आहे, बारामतीला, शिरपूरला फ्लाइंग स्कूल आहेत. नागपूर फ्लाइंग क्लब जुना. अमरावतीच्या बेलोरा विमानतळावर एअर इंडियाने ३४ विमानांची, वर्षाला १८० पायलट घडवणारी अकादमी जाहीर केली आहे. इतर मागासवर्गीय आणि भटक्या-विमुक्त समाजातल्या मुलांसाठी महाज्योतीची पायलट प्रशिक्षण योजना आहे, ती किती जणांपर्यंत पोहोचली हा वेगळा लेख होईल. म्हणजे शिकवणारे वाढत आहेत. प्रश्न आहे शिकल्यावर पाय ठेवायच्या पहिल्या पायरीचा, आणि ती पायरी आहे एटीआरसारखी लहान विमानं. फ्लाय९१ सोलापूर, जळगाव, सिंधुदुर्गला एटीआर घेऊन येते. अलायन्स एअर एप्रिल २०२५ पासून अमरावतीला एटीआर आणते. या बातम्या वाचताना यापुढे तिकिटाच्या दराबरोबर विमानाचं नावही वाचा. ज्याला पायलट व्हायचंय त्याच्यासाठी बातमी तीच आहे.

काकांना मी काय सांगितलं? 'नको' असं नाही सांगितलं. साखऱ्याच्या पोराने विमान उडवू नये असं म्हणणारी मी कोण! आणि उद्या खरोखर भरती वाढली तर मला शिव्या खाव्या लागतील. पण क्रम बदला म्हटलं. आधी मेडिकल. डीजीसीएने मान्यता दिलेल्या डॉक्टरकडे क्लास टू, आणि मग क्लास वन करून घ्या. डोळे, कान, हृदय, रंग ओळखता येतात का, सगळं त्यात कळतं. त्याला काही हजार रुपये लागतात, लाख नाही. कितीतरी पोरं फी भरून मोकळी होतात आणि मग रंगांधळेपणा निघतो. मग डीजीसीएचे लेखी पेपर. नेव्हिगेशन, हवामान, नियम. हे घरी अभ्यास करूनही देता येतात, त्यासाठी वावर विकावं लागत नाही. ते सुटले तर पोरात दम आहे असं समजायचं.

मग फ्लाइंग स्कूल. डीजीसीए आता वर्षातून दोनदा फ्लाइंग स्कूलची श्रेणी लावतं. ऑक्टोबर २०२५ ची पहिली यादी बघा. वरच्या श्रेणीत एकही संस्था नव्हती. १३ 'बी'मध्ये, २२ 'सी'मध्ये. चकचकीत कागदावर ही श्रेणी छापलेली नव्हती, मी मुद्दाम पाहिलं. तिथे गेल्यावर विचारायचं की चालू स्थितीत विमानं किती, शिकवणारे किती, मागच्या बॅचच्या पोरांना २०० तास पूर्ण करायला किती महिने लागले. कारण विमान नादुरुस्त, हवा खराब, शिक्षक नाही, असं करत दीड वर्षाचं तीन वर्षं होतं, आणि हॉस्टेलचं भाडं चालूच राहतं.

आणि शेवटचं, ज्यावर मी काकांशी दोन संध्याकाळी बोलले. नोकरीचं पत्र हातात असल्याशिवाय टाइप रेटिंगचा रुपया भरायचा नाही. कुणी कितीही सांगो, 'ए-३२० करून ठेवा, मग कंपन्या मागे लागतील.' कंपनी कुठली, तिच्याकडे आज विमानं कुठली, मागवलीत कुठली, जुनी कधी काढणार, हे सगळं छापून येतं. शोधलं की सापडतं. मला सापडलं, मी काही पायलट नाही.

काका शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, "म्हणजे बैल घ्यायच्या आधी चारा कुठंय ते बघायचं." मी म्हटलं, हो काका, तसंच काहीसं.

वावर अजून विकलेलं नाही. हळद काढायला आली आहे, यंदा भाव काय लागतो त्यावर मेडिकलला नांदेडहून पुढे कुठे जायचं ते ठरेल असं काका म्हणतात. पोरगं मात्र आता वेगळ्याच नादाला लागलंय. रोज एखाद्या विमान कंपनीची बातमी मला पाठवतं आणि खाली विचारतं, "ताई, यांनी घेतलंय ते एटीआर आहे का एम्ब्रेअर?" परवा एक फोटो मलाच ओळखू आला नाही. त्यानेच सांगितलं, पंखे बघ ना, एटीआर आहे.